किरणोत्सारी पार्सल बांधताना आणि पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात प्रारण सुरक्षा अधिकारी आहे. आमच्या बोलीत आरएसओ. महिन्यातून चार-पाचदा तरी फोन येतो, "सर, एवढीशी व्हायल (औषधाची काचेची कुपी) आहे, कुरिअरने टाकू का?" उत्तरं तीच ती असतात, म्हणून एकदाची लिहून काढली. लिहिताना प्रयोगशाळेतली मुलं, रुग्णालयाचे स्टोअरवाले, कुरिअरच्या खिडकीवरची मंडळी आणि आजोबांच्या पेटीत काहीबाही चमकणारं सापडलेले लोक डोळ्यांसमोर होते. "आधी तुमच्या आरएसओशी बोला" हे वाक्य प्रत्येक उत्तराखाली आहे असं धरून चाला. दर वेळी लिहीत नाही.

हा माल पोस्टाने पाठवता येतो का?

भारतात तुमच्या-माझ्यासाठी उत्तर सरळ आहे: नाही. पोस्टाच्या खिडकीवर नेऊ नका, टपालपेटीत तर नाहीच नाही. धोकादायक पदार्थ टपालात टाकायला १८९८ च्या कायद्यातच मनाई होती. २०२३ चा नवा कायदा आला आणि जुना गेला, पण म्हणून हे दार उघडलेलं नाही.

जगाच्या पातळीवर मात्र सरसकट बंदी नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे (आयएईए) वाहतुकीचे नियम १९६१ पासून आहेत आणि बहुतेक देश त्यांवरच आपले नियम बेततात. त्यांत टपालासाठी एक बारीक फट ठेवली आहे. अगदी कमी मात्रेच्या खोक्याला 'एक्सेप्टेड' खोकं म्हणतात. त्याला जी मर्यादा असते, तिच्या एक दशांशापर्यंतचा माल टपालाने जाऊ शकतो. तोही कोणीही पाठवू शकत नाही. पाठवणाऱ्याला देशाच्या यंत्रणेची परवानगी लागते. माल सर्वांत जलद मार्गाने, शक्यतो विमानाने, जायला हवा. आत किरणोत्सारी पदार्थ आहे आणि त्याची मात्रा टपालाला चालणारी आहे, असं बाहेर ठळक लिहायचं. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि 'पोचलं नाही तर परत पाठवा' ही विनंतीही बाहेर हवी. शिवाय आतल्या पाकिटावरही पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि आत काय आहे ते लिहायचं.

हे शेवटचं कलम ज्याने घातलं, त्याने नक्की कधीतरी पार्सलांचं गोडाऊन पाहिलं असणार. बाहेरचा पुठ्ठा फाटून आतली पुडी एकटी पडली, तरी ती कोणाची आणि काय, हे कळलं पाहिजे.

"मुलगा अमेरिकेत पीएचडी करतोय, तो म्हणतो तिकडे चालतं" असंही ऐकतो. चालतं, पण तो सांगतो तितकं सैल नाही. किरणोत्सर्गाचं लेबल लावावं लागेल असं खोकं अमेरिकेचं टपालखातं घेतच नाही. लेबल न लागणाऱ्या खोक्यालाही तीच एक दशांशाची मर्यादा आहे.

मग भारतात हा माल जातो तरी कसा?

रस्त्याने आणि विमानाच्या कार्गोतून, रोज. नवी मुंबईत वाशीला 'ब्रिट' म्हणजे प्रारण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ आहे. देशभरातल्या रुग्णालयांना आयोडीन, टेक्नेशियमचे जनरेटर (रुग्णालयातच टेक्नेशियम काढून घ्यायची उपकरणं), तपासणीचे किट तिथून जातात. तुम्ही विमानात खिडकीशी बसून वडापाव खात असता, तेव्हा खाली कार्गोत कुणाच्या तरी थायरॉइडचं औषध शिशाच्या डब्यात बसून तुमच्याच बरोबर निघालेलं असू शकतं.

यावर देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची. हे मंडळ १९८३ साली स्थापन झालं आणि अणुशक्तीनगरच्या नियामक भवनातून चालतं. परवान्यांचा कारभार 'ई-लोरा' या त्यांच्या ऑनलाइन प्रणालीवर होतो. विमानाने जायचं तर डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) धोकादायक मालाचे नियम वर आणखी. पाठवणारा आणि घेणारा, दोघांकडेही त्या आयसोटोपची, म्हणजे मूलद्रव्याच्या त्या ठरावीक किरणोत्सारी प्रकाराची, परवानगी हवी. घेणाऱ्याचा परवाना न पाहता पाठवलेलं पार्सल कितीही सुबक बांधलेलं असो, ते चुकलेलंच असतं.

"लो-लेव्हल" म्हणजे नक्की किती? आमचं सँपल अगदीच कमी आहे.

'कमी' हा शब्द पार्सलवर लिहिता येत नाही, आकडा लिहिता येतो. आणि हा आकडा प्रत्येक आयसोटोपला वेगळा, घन की द्रव यावर वेगळा.

सर्वांत खाली सूट असलेला माल. सक्रियता (दर सेकंदाला किती अणू फुटतात ते; सेकंदाला एक म्हणजे एक बेकरेल) किंवा दर ग्रॅममागची सक्रियता ठरावीक आकड्याच्या आत असेल तर वाहतुकीच्या लेखी तो पदार्थ किरणोत्सारी नाहीच. अमेरिशियम-२४१ ला ही पूर्ण पार्सलची मर्यादा १० हजार बेकरेल आहे, कोबाल्ट-६० ला १ लाख, आयोडीन-१३१ ला १० लाख, ट्रिटियमला तर १०० कोटी. एकाच चमच्याने सगळ्यांना मोजता येत नाही ते यासाठी.

त्याच्यावर एक्सेप्टेड खोकं, त्याच्यावर टाइप-ए, मग टाइप-बी. बाजूला खनिज, दूषित माती अशा विरळ मालासाठी औद्योगिक खोकी आहेत, ती इथे सोडून देऊ.

यामागचं गणित 'ए-टू' या आकड्याभोवती फिरतं. खोकं फुटून आतला माल बाहेर आला, तरी जवळच्या माणसाला ठरावीक डोसपेक्षा जास्त मिळू नये, अशा हिशेबाने प्रत्येक आयसोटोपचा हा आकडा काढलेला आहे. टाइप-एमध्ये ए-टूपर्यंत माल भरता येतो. एक्सेप्टेडमध्ये घन पदार्थ त्याच्या हजाराव्या भागापर्यंत, द्रव दहा हजाराव्या भागापर्यंत. द्रवाला दहापट कडक नियम, कारण द्रव सांडतो.

आयोडीन-१३१ घेऊ. त्याचा ए-टू ०.७ टेराबेकरेल. दहा हजारावा भाग म्हणजे ७० मेगाबेकरेल, जुन्या भाषेत सुमारे १.९ मिलिक्युरी. हे एक्सेप्टेड खोक्यात द्रवरूपाने जाईल. टपालाची मर्यादा याच्या दहावा भाग, म्हणजे ७ मेगाबेकरेल. थायरॉइडच्या कर्करोगासाठी रुग्णाला देतात तो १०० मिलिक्युरीचा डोस ३,७०० मेगाबेकरेल होतो. तो टाइप-एचाच माल. उलट रक्तातले हार्मोन मोजायच्या आरआयए किटमधलं आयोडीन-१२५ साधारण एखाद्या मेगाबेकरेलच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं, आणि द्रवासाठी त्याची एक्सेप्टेड मर्यादा ३०० मेगाबेकरेल आहे. किट आरामात बसतं.

तर "अगदीच कमी" असं मला फोनवर सांगू नका. आयसोटोप कोणता, कोणत्या तारखेला किती बेकरेल, घन की द्रव, हे सांगा.

केळ्यातही किरणोत्सर्ग असतो म्हणे?

असतो. एका केळ्यात पोटॅशियम-४० चे साधारण १५ बेकरेल. ते खाणाऱ्या तुमच्या शरीरात त्याच पोटॅशियमचे चार हजारांच्या वर. पेटी बिनधास्त पाठवा, पिकणार नाही एवढं बघा.

एक्सेप्टेड खोकं बांधायचं कसं? पायरी-पायरीने सांगा.

समजा, पाच मिलिलिटरची काचेची व्हायल आहे, वर रबराचं बूच आणि ॲल्युमिनियमची कडी आवळलेली. आधी हातमोजे घालून ती ओल्या फिल्टर पेपरने पुसा आणि तो पेपर काउंटरखाली, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायच्या यंत्राखाली, मोजा. इथे काही आलं तर पुढचं सगळं व्यर्थ. व्हायलच बाहेरून माखलेली आहे.

व्हायल झिपच्या जाड पाऊचमध्ये. पाऊचसह ती शिशाच्या किंवा प्लॅस्टिकच्या डबीत. डबी आणि पाऊच यांच्यामध्ये शोषक कापूस, इतका की सगळा द्रव सांडला तरी त्याने दुप्पट प्यावा. दुप्पटची अट खरं तर टाइप-एच्या द्रवांसाठी आहे, पण मी छोट्या खोक्यालाही तीच लावतो. कापूस स्वस्त आहे. फॉस्फरस-३२ सारखा बीटा सोडणारा माल असेल तर मात्र आत प्लॅस्टिक आणि मगच शिसं. बीटा कण थेट शिशावर आपटले की क्ष-किरण निघतात, आणि झाकायला गेलो नि उजेड केला अशी गत होते.

डबीला सील. सील म्हणजे अशी पट्टी, जी उघडली तर पुन्हा तशीच लावता येणार नाही. डबी थर्माकोलच्या खाचेत घट्ट बसवा आणि खोकं कानाशी धरून हलवा. आत काही खुळखुळलं तर परत उघडा. आमच्याकडच्या नवीन मुलांना हीच परीक्षा सगळ्यांत लक्षात राहते.

आता आतल्या झाकणावर 'रेडिओॲक्टिव्ह' ही खूण, अशी की खोकं उघडणाऱ्याला ती पहिल्यांदा दिसली पाहिजे. पुष्कळांना हे उलटं वाटतं. बाहेर का नाही? कारण बाहेरून या खोक्यापासून उचलणाऱ्याला काही होण्यासारखं नाही. ज्याला काळजी घ्यायची आहे तो उघडणारा. बाहेर फक्त 'यूएन' अक्षरं आणि चार आकडे, म्हणजे धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांनी दिलेला क्रमांक, येतात, व पाठवणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं नाव. पदार्थाला २९१०, उपकरणाला २९११, नैसर्गिक युरेनियम-थोरियम किंवा डिप्लीटेड (अणुभट्टीच्या कामाचा अंश काढून घेतलेल्या) युरेनियमपासून केलेल्या वस्तूला २९०९, रिकाम्या डब्याला २९०८.

शेवटी मीटर. खोक्याच्या सहाही बाजूंना, पृष्ठभागाला टेकवून, कुठेही तासाला ५ मायक्रोसिव्हर्टच्या (माणसाला लागणाऱ्या प्रारणाचं एकक) वर जाता कामा नये. एखाद्याच कोपऱ्यात ७ आलं तरी ते खोकं एक्सेप्टेड राहिलं नाही. बाहेरून पुसून घेतलेला नमुना बीटा-गॅमासाठी दर चौरस सेंटिमीटरला ४ बेकरेलच्या आत, अल्फासाठी ०.४ च्या आत. हे आकडे वहीत, तारीख-वेळ घालून, मीटरचा क्रमांक आणि त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख घालून. माझ्या वहीची पानं चहाच्या डागांनी भरली आहेत, पण आकडा एकही गाळलेला नाही.

टाइप-ए खोकं म्हणजे फक्त जाड पुठ्ठा ना?

नाही. एखाद्या खोक्याला टाइप-ए म्हणायचं तर त्याच्या नमुन्याने मार खाल्लेला असतो. आधी तासाभरात ५ सेंटिमीटर पाऊस पडावा इतकं पाणी त्याच्यावर मारतात. मग १.२ मीटरवरून, त्याला सर्वांत जास्त लागेल अशा बाजूवर, टणक जमिनीवर आपटतात. स्वतःच्या पाचपट वजन २४ तास डोक्यावर ठेवतात. ६ किलोची गोल टोकाची सळई १ मीटरवरून त्याच्यावर सोडतात. द्रव भरायचा असेल तर आपटण्याची उंची ९ मीटर आणि सळईची १.७ मीटर. हा सगळा हिशेब रोजच्या हाताळणीचा आहे: कोकणातला पाऊस, टेम्पोतून पडलेलं खोकं, त्याच्यावर रचलेली थप्पी आणि शेजारच्या मालातून बाहेर आलेला पाइप.

म्हणूनच "तसंच दिसणारं खोकं बाजारातून आणलं" हे चालत नाही. प्रमाणपत्र त्या रचनेला असतं, आतल्या थर्माकोलसकट. थर्माकोल तुटला म्हणून वर्तमानपत्राचे बोळे भरले, की ते खोकं टाइप-ए राहत नाही.

टाइप-बीला ९ मीटरवरून आपटल्यावर ८०० अंशांच्या आगीत अर्धा तास ठेवतात. तुमचा-माझा त्याच्याशी संबंध बहुधा येणार नाही.

पांढरं लेबल, पिवळं लेबल: कुठलं कधी?

दोन मोजमापं घ्या. एक पृष्ठभागावर, एक पृष्ठभागापासून १ मीटरवर. १ मीटर अंतरावरचा आकडा तासाला किती मिलिसिव्हर्ट ते पाहून १०० ने गुणा. तो झाला ट्रान्सपोर्ट इंडेक्स, आमच्या तोंडी टीआय. यंत्र मायक्रोसिव्हर्ट दाखवत असेल तर सरळ १० ने भागा. आलेला आकडा एका दशांश स्थळापर्यंत वरच्या बाजूला न्यायचा, ०.०५ किंवा त्याहून कमी असेल तर शून्य धरायचा.

पृष्ठभागावर ५ मायक्रोसिव्हर्टपर्यंत आणि टीआय शून्य असेल तर व्हाइट-वन. पृष्ठभागावर ५०० पर्यंत आणि टीआय १ पर्यंत असेल तर यलो-टू. २,००० पर्यंत आणि टीआय १० पर्यंत असेल तर यलो-थ्री.

गफलत होते ती इथे. मागे एका मुलीने जनरेटरचं खोकं मोजलं: पृष्ठभागावर तासाला ३२० मायक्रोसिव्हर्ट, १ मीटर अंतरावर १३. तिने ३२० पाहून यलो-टू लावलं. पण १३ चा टीआय १.३ होतो, तो १ च्या वर गेला. दोन आकडे दोन वेगळी लेबलं मागत असतील तेव्हा वरचं लावायचं. म्हणजे यलो-थ्री. लेबलवर आयसोटोपचं नाव, बेकरेलमध्ये सक्रियता आणि टीआय लिहायचा (पांढऱ्यावर टीआयची चौकट नसते), आणि अशी लेबलं समोरासमोरच्या दोन बाजूंना. एकच लावलं तर गोडाऊनवाला ती बाजू हमखास भिंतीकडे करून ठेवतो.

साध्या वाहनात अशा सगळ्या खोक्यांच्या टीआयची बेरीज ५० च्या आत ठेवायची असते. पिवळं खोकं घेणारा कार्गोवाला आधी टीआय का विचारतो, ते यावरून कळेल.

पण अंतर एक मीटरच का? हे कोणी ठरवलं?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, मला मात्र त्याचं उत्तर द्यायला आवडतं. १९३६ साली अमेरिकेच्या टपालखात्याने किरणोत्सारी पार्सलं बंद केली. काळजी टपालवाल्यांच्या जिवाची नव्हती; रेडियमच्या पुड्यांशेजारी पडलेल्या फोटोच्या कोऱ्या फिल्म काळवंडत होत्या आणि फिल्मवाले बोंबलत होते. युद्धानंतर अणुभट्टीतली आयसोटोपं फिरू लागली. तेव्हा बंदी न घालता ही पार्सलं नेता यावीत म्हणून रॉबली इव्हान्स या भौतिकशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जी मोजमापं सुचवली, त्यांत एक मीटरवरची मर्यादा फिल्म वाचवण्याच्या हिशेबाने काढलेली होती. माणसाचं संरक्षण त्याच चौकटीत पुढे बसवलं गेलं. न धुतलेल्या फिल्मपासून अंतर ठेवायचं कलम आजच्या नियमांतही आहे, आणि त्यासाठीची मर्यादा आहे ०.१ मिलिसिव्हर्ट. लग्नाचे फोटो फिल्मवर काढायचे दिवस गेले, कलम मात्र शाबूत आहे.

बरोबर कागद कोणते लागतात?

पाठवणाऱ्याचं डिक्लरेशन, वाहतूकदाराला द्यायच्या सूचना आणि अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं ट्रेमकार्ड. ट्रेमकार्ड ड्रायव्हरच्या केबिनमध्ये हवं, खोक्यात नव्हे. आणि ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत सांगा. निदान तोंडी मराठी-हिंदीत. विमानाचं असेल तर एअरवे बिलावर नोंद. एक्सेप्टेड खोक्याला यातलं बरंच माफ आहे, यूएन क्रमांक माफ नाही.

एसटीने किंवा स्वतःच्या बॅगेत नेलं तर? पुणे-मुंबई तीन तासांचा तर प्रश्न.

नाही. लेबल लागलेलं खोकं माणसं बसतात त्या भागात ठेवायचं नसतं. एसटी, लोकल, रिक्षा, शेअर टॅक्सी, काहीच नाही. पाठीवरच्या सॅकमधून व्हायल घेऊन सिंहगड एक्स्प्रेसने येणारा विद्यार्थी मी पाहिलेला आहे. त्याला वाटत होतं आपण रुग्णालयाचे पैसे वाचवले. सक्रियता खरंच नगण्य होती. पण गाडीत सॅक हरवली असती, तर सापडणाऱ्याच्या हाती पडली असती बिननावाची काचेची कुपी आणि तिच्यावर पेनाने लिहिलेले दोन इंग्रजी अक्षरं-आकडे.

आयोडीन घेतलेला रुग्ण घरी जातो, त्याला लेबल लावायचं का?

(हसू नका, एका सुरक्षारक्षकाने मनापासून विचारलं होतं.) उपचारासाठी शरीरात दिलेला किरणोत्सारी पदार्थ वाहतुकीच्या नियमांतून वगळलेला आहे. रुग्णाला रुग्णालयाचं पत्र मात्र द्या. विमानतळांवरची संवेदनशील यंत्रं त्याला बघून वाजू शकतात, आणि घाबरलेला माणूस तिथे नीट सांगू शकत नाही.

घरात जुनं घड्याळ, बत्तीची जाळी, धुराचा डिटेक्टर सापडला. ऑनलाइन विकून कुरिअर करू का?

रेडियमच्या रंगाचे काटे असलेलं जुनं घड्याळ: उघडू नका. बाहेरून ते फारसं काही करत नाही; आतला सुकलेला रंग भुकटी होऊन नाकात जातो, खरी पंचाईत ती. पेट्रोमॅक्सच्या बत्तीच्या जुन्या जाळ्यांमध्ये थोरियम असतं. लग्नाच्या वरातीत डोक्यावर धरलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र उजेडामागे तेच. टिग वेल्डिंगच्या लाल टोकाच्या सळ्यांतही २ टक्के थोरियम. एखाद-दुसरी वस्तू घरात आहे म्हणून झोप उडवू नका, पण ढिगाने पार्सल करायची असेल तर ती थोरियमची वस्तू आहे आणि तसंच सांगून पाठवावी लागते.

आयनायझेशन पद्धतीच्या धुराच्या डिटेक्टरमध्ये साधारण ३७ हजार बेकरेल अमेरिशियम असतं, म्हणजे वर सांगितलेल्या १० हजारांच्या सुटीत तो बसत नाही. इमारतीतले शंभर डिटेक्टर काढून भंगारात घातले, असं करू नका. ते पुरवठादाराकडे परत जायचे असतात.

आणि ते 'निगेटिव्ह आयन' लॉकेट. आरोग्यासाठी, मोबाइलच्या लहरींपासून बचावासाठी म्हणून विकतात. २०२१ च्या डिसेंबरात नेदरलँड्सच्या नियामकाने अशा दहा वस्तू किरणोत्सारी निघाल्या म्हणून लोकांना इशारा दिला होता. ज्याला लहरींपासून वाचायचं होतं, तो गळ्यात रात्रंदिवस खरा किरणोत्सर्ग घालून हिंडत होता. सुदैवाने थोडा. तुमच्याकडे असलं काही असेल तर वापरणं थांबवा, बाजूला ठेवा, टपालाने मित्राला भेट पाठवू नका.

कुरिअरवाला म्हणतो, "रेडिओॲक्टिव्ह लिहू नका, केमिकल लिहा, लगेच जाईल."

यावरच मी सर्वांत जास्त चिडतो. कबूल करतो, नोकरीच्या पहिल्या वर्षी मी खिडकीवर दीड तास उभा होतो, खोकं अगदी नियमातलं, कागद पूर्ण, आणि समोरचा माणूस यलो-टूचं ते तीन पाती असलेलं चिन्ह बघून हातच लावेना. शेवटी त्यानेच हा सल्ला दिला. मी खोकं परत घेऊन आलो आणि संध्याकाळी दुसऱ्या, परवानगी असलेल्या वाहतूकदाराकडे दिलं. उशीर झाला, डोसचं गणित पुन्हा करावं लागलं.

खोटं लिहिलेलं खोकं सुरळीत पोचलं तर कुणालाच कळत नाही. पण ते पावसात फुटलं, तर उचलणारा माणूस ते 'केमिकल' म्हणून हाताने पुसणार. लेबलला घाबरणारे लोक समजावता येतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लखनौ विमानतळाच्या कार्गोत कर्करोगाच्या तपासणीसाठीच्या औषधाच्या खोक्यावरून अलार्म वाजला, एनडीआरएफचं (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं) पथक धावलं, टीव्हीवर दिवसभर 'गळती'. तपासात गळती नव्हती. आत काय आहे ते कागदावर खरं लिहिलेलं असलं की तपासणाऱ्यांना सुरुवात कुठून करायची ते कळतं.

खोकं फुटलं, भिजलं किंवा हरवलं तर?

फुटलेलं दिसलं तर हात लावू नका, माणसं लांब करा, जो शिवला असेल त्याला तिथेच थांबवा, म्हणजे तो ते पायांनी गावभर नेणार नाही. पाठवणाऱ्याला फोन, पोलिसांना फोन; पाठवणारा एईआरबीला कळवेल. जखमी असेल तर आधी जखमीला बघा, किरणोत्सर्ग नंतर मोजता येतो.

हरवण्याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. जानेवारी २०२३ मध्ये रिओ टिंटो या कंपनीच्या खाणीतून पर्थकडे निघालेल्या मोजयंत्रातून सीझियम-१३७ ची कुपी पडली. केवढी? ८ मिलिमीटर उंच, ६ मिलिमीटर रुंद. तुरीच्या डाळीपेक्षा जरा मोठी. रस्ता १,४०० किलोमीटर. वाटेतल्या हादऱ्यांनी यंत्र खिळखिळं झालं, एक बोल्ट निघाला आणि त्या भोकातून कुपी बाहेर. खोकं १६ तारखेला पोचलं, उघडलं २५ ला, तेव्हा कळलं. १ फेब्रुवारीला चालत्या गाडीवरच्या यंत्राने ती न्यूमन गावाच्या दक्षिणेला रस्त्याकडेला टिपली. माझ्या विद्यार्थ्यांना मी यातल्या दोन गोष्टी विचारतो: बोल्ट कोणी तपासला होता, आणि पोचल्याच्या दिवशी खोकं मोजलं का नाही? घेणाऱ्याने पार्सल आल्या-आल्या मीटर लावायचा असतो, नऊ दिवसांनी नाही.

आपल्याकडे २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत जे झालं, ते पार्सल नव्हतं. विद्यापीठातलं वापरात नसलेलं कोबाल्ट-६० चं यंत्र लिलावात भंगार म्हणून गेलं आणि एक माणूस दगावला. यंत्रात काय आहे हे विकणाऱ्याच्या कागदावर नव्हतं, घेणाऱ्याला माहीत नव्हतं.

शुक्रवारी पाठवलं तर चालेल?

टाळा. रविवारी गोडाऊन बंद, घेणाऱ्याचा आरएसओ सुटीवर, आणि तुमचा माल तिथे बसून कमी होत राहतो. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, टेक्नेशियम-९९एम सहा तासांत. पेट स्कॅनसाठी टोचतात ते एफडीजी हे किरणोत्सारी औषध तर ११० मिनिटांत. मुंबईत १०० भाग भरलेलं एफडीजी तीन तासांनी पुण्यात पोचलं तर साधारण ३२ भाग उरतं. घाटात ट्रॅफिक लागला की आम्ही फोनवर ड्रायव्हरला "कुठे पोचलास?" विचारत असतो, तिकडे रुग्ण उपाशीपोटी बसलेला असतो. गणपतीत तर विचारू नका.

रिकामा शिशाचा डबा परत पाठवताना काही नियम आहेत का?

आहेत, आणि सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, कारण 'रिकामा तर आहे'. डबा शाबूत आणि नीट बंद केलेला हवा, बाहेरून स्वच्छ हवा, आतल्या बाजूला उरलेलं दूषण ठरलेल्या मर्यादेच्या आत हवं (बाहेरच्या मर्यादेच्या शंभरपट, म्हणजे बीटा-गॅमासाठी दर चौरस सेंटिमीटरला ४०० बेकरेल). यूएन २९०८ लिहायचं. डब्यात संरक्षक म्हणून डिप्लीटेड युरेनियम असेल, जसं काही रेडिओग्राफी कॅमेऱ्यांत असतं, तर डबा रिकामा असूनही त्यात युरेनियम आहेच. ते धातूच्या किंवा तशाच भक्कम आवरणाने पूर्ण झाकलेलं पाहिजे.

आणि जुनी लेबलं दिसता कामा नयेत. एकदा आमच्याकडूनच रिकामा डबा गेला, यलो-थ्रीचं लेबल तसंच. घेणाऱ्या गोडाऊनमध्ये रात्रपाळीच्या हमालाने ते पाहिलं आणि सगळे बाहेर रस्त्यावर येऊन बसले. मला रात्री दोनला फोन. मी गाडी काढून गेलो, मीटर लावला, त्यांना तो ०.१ वर थरथरणारा काटा दाखवला, मग त्याच मीटरने बाहेरच्या फरशीवरही तेवढंच दाखवलं. चहा झाला, लोक आत गेले. तेव्हापासून आमच्या पॅकिंगच्या टेबलावर एक बोथट चाकू आणि जाड काळा मार्कर दोरीने बांधून ठेवला आहे. लेबल आधी खरवडायचं, निघालं नाही तर त्याच्यावर नवा कोरा कागद पूर्ण चिकटवायचा, आणि डबा दाराबाहेर जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी चारही बाजूंनी फिरवून पाहायचा.